आठवड्याचा लूट आणि त्यासाठीची मेहनत – तुमचा हिशोब कसा बसतो?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे विचारून टाकतो. ज्यांच्या गेममध्ये आठवड्याला रिसेट असतो, म्हणजे ठरलेल्या दिवशी लूट (गेममधली बक्षिसं) पुन्हा नव्याने मिळायला लागतो, त्यांनी सांगा, किती तास घालवता, हातात काय पडतं, आणि एखादा आठवडा चुकला तर काय होतं. शेवटचं नक्की लिहा, माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

आधी माझं सांगतो. मी पुण्यात, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट युरोप सर्व्हरवर खेळतो, म्हणजे आमचा रिसेट बुधवारी. तिथे ग्रेट व्हॉल्ट आहे, आठवड्याच्या बक्षिसांची तिजोरी, 2020 च्या शॅडोलँड्स या विस्तारापासून. आठवडाभर जे खेळलात त्यावरून डबे भरतात, डंजनसाठी (छोट्या ग्रुपची मोहीम) 1, 4 आणि 8 असा हिशोब, म्हणजे एक केलं की पहिला डबा, चार केली की दुसरा, आठ केली की तिसरा. रेडची (मोठ्या ग्रुपची मोहीम) रांग वेगळी, तिसरी रांग अजून वेगळी. नऊच्या नऊ डबे भरले तरी उचलायची वस्तू एकच.

मी एका ट्रिंकेटसाठी (कॅरेक्टरला घालायची एक छोटी वस्तू) सलग तीन महिने आठ-आठ डंजन केली. एक डंजन अर्धा तास, पण ग्रुप जमायला वीस-पंचवीस मिनिटं, हीलर (बाकीच्यांना जिवंत ठेवणारा) मिळत नाही, कोणीतरी मधेच सोडून जातो, असं धरून आठवड्याचे सात-आठ तास. बुधवारी सकाळी गॅसवर चहा ठेवून लॉगिन करायचो, व्हॉल्टचा आवाज यायचा, तीन डबे उघडायचे, पुन्हा तेच बेल्ट आणि अंगठी, आणि चहा उतू गेलेला. मग एकदा कागदावर मांडलं. समजा एका डब्यात हवी ती वस्तू यायची शक्यता वीसात एक. दोन डबे म्हणजे शंभरात साधारण दहा, तीन डबे म्हणजे चौदा. म्हणजे शेवटची चार डंजन, जवळजवळ निम्मी मेहनत, त्या चार-पाच टक्क्यांसाठी. त्या दिवसापासून चारवर थांबतो. ट्रिंकेट अजून नाही आलं, पण शुक्रवारची रात्र परत मिळाली.

आता तुम्ही लिहा.

* * *

मी फायनल फँटसी 14 खेळते. नर्स आहे, मडगावात, शिफ्ट ड्युटी. आमचा रिसेट मंगळवारी दुपारी दीडला. माझ्यासारखीला हा गेम झेपतो कारण शेवट कुठे आहे ते आधीच माहीत असतं. टोमस्टोन, म्हणजे वस्तू विकत घ्यायचं गेममधलं चलन, आठवड्याला 450 च, त्याच्या वर कितीही खेळा मिळत नाहीत. छातीचं चिलखत 825, म्हणजे दोन आठवडे, बास, त्यात नशिबाचा काही संबंध नाही. सॅव्हेज, म्हणजे कठीण रेडमध्ये पेटीतून पडलेल्या वस्तूसाठी रोल करावा लागतो, ज्याचा आकडा मोठा त्याला वस्तू, मी 87 टाकून 91 ला हरलेली आहे, पण दर आठवड्याला बॉस मारला की प्रत्येकाला एक पुस्तक मिळतं, आठ पुस्तकं झाली की शस्त्र दुकानातून उचलायचं. नशीब कितीही फुटकं असलं तरी आठव्या आठवड्याला शस्त्र हातात.

चुकलेल्या आठवड्याचं विचारलंत म्हणून एक सांगते, त्याचं अजून वाईट वाटतं. आमचा आठ जणांचा ठरलेला ग्रुप शनिवारी रात्री खेळायचा. त्या शनिवारी मला नाइट लागणार असं वाटत होतं, म्हणून मी मंगळवारीच अनोळखी पार्टीत जाऊन रेडचा शेवटचा, चौथा फ्लोअर मारून आले. नंतर ड्युटी बदलली आणि मी आनंदाने शनिवारी ग्रुपबरोबर गेले. आता तेव्हा नियम असा होता की आठवड्यात एकदा मारून आलेलं कोणी पार्टीत असलं की दोनच्या जागी एकच पेटी मिळायची. मला तो ठाऊक होता, पण ड्युटीच्या गडबडीत डोक्यातून गेला. एक पेटी बघून सगळे गप्प. आमच्यातला एक जण पाच आठवडे एकाच वस्तूची वाट बघत होता, तो एवढंच म्हणाला, असूदे ताई, पुढच्या आठवड्यात. मी सगळ्यांची माफी मागितली आणि पुढचे दोन आठवडे एकही रोल टाकला नाही. तेव्हापासून महिन्याचं ड्युटीचं पत्रक आलं की पहिल्यांदा ग्रुपमध्ये फोटो टाकते.

आणि एक, या गेमचे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी स्वतःच सांगितलंय की सबस्क्रिप्शन थांबवा, दुसरे गेम खेळा, नवीन काही आलं की परत या. मी तसंच करते, मनात अपराधी वाटत नाही.

* * *

गेनशिन इम्पॅक्ट, मोबाईलवर. नाशिक, हॉस्टेल. आमच्याकडे मेहनतीपेक्षा रेझिनचा (बक्षीस उचलायला खर्च होणारी ऊर्जा) हिशोब, आठ मिनिटांना एक, आधी 160 ला थांबायचं, 2024 पासून 200. आठवड्याचे पहिले तीन मोठे बॉस अर्ध्या किमतीत, 60 ऐवजी 30. रविवारी जेवण झालं की तिघांना उरकतो, वीस मिनिटं. एकदा परीक्षेत दोन आठवडे राहिलं, त्या बॉसचं मटेरियल तेवढं उशिरा आलं, दुसरं काही नाही.

* * *

कोल्हापूरकर. गेमचं नाव लिहीत नाही.

आमच्यात एका खेळाडूच्या सहा कॅरेक्टरना सोनं मिळायचं. म्हणजे तीन रेड गुणिले सहा, आठवड्याला अठरा रेड, आणि हे नाही केलं तर मेन कॅरेक्टरचं शस्त्र वाढवायला सोनं पुरत नाही. दिवसा बाबांच्या दुकानात बसायचो, रात्री दहा ते दोन रेड. गणपतीत घरात आरती सुरू, आई दोनदा हाक मारून गेली, आणि मी हेडफोन लावून बसलेलो, बॉसचं तेरा टक्के राहिलंय म्हणून. उठलो तेव्हा आरती संपून प्रसाद वाटत होते. आई काही बोलली नाही, ताटलीत मोदक ठेवून गेली टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी. ते लई लागलं.

तरी बंद नव्हता केला. बंद केला तो चार महिन्यांनी मोठं अपडेट आल्यावर. एवढं घासून वाढवलेलं शस्त्र, आणि नवीन आलेल्या पोराला पहिल्याच क्वेस्टमध्ये फुकट त्याहून भारी मिळालं. नवीन माणसाला वर आणायला हवंच, ते मला पटतं, नाहीतर त्याला कोण पार्टीत घेणार. पण मग माझ्याकडनं सहा-सहा कॅरेक्टर का पळवून घेतली? आठवड्याचा लूट हा माणसाला थांबवायला पाहिजे, की बाबा झालं तुझं या आठवड्याचं, जा आता. आमच्यात तो कधी संपायचाच नाही. वरच्या ताईंचं 450 वाचून वाटलं, असं कोणीतरी आम्हाला थांबवायला हवं होतं.

* * *

मी दुबईत असतो, 2019 ला वॉरक्राफ्ट क्लासिक (त्याच गेमची जुनी आवृत्ती) आलं तेव्हा एका गिल्डमध्ये (खेळाडूंचा कायमचा गट) ऑफिसर होतो, म्हणून वाटणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. मोल्टन कोअर ही रेड, चाळीस माणसं, दहा बॉस, आठवड्यातून एकदा. एका बॉसकडून दोन-तीन वस्तू पडणार आणि चाळीस जण बघत बसणार. आम्ही डीकेपी ठेवलं होतं, हजेरीचे पॉइंट, वस्तू घेतली की पॉइंट खर्च. कागदावर एकदम न्याय्य. प्रत्यक्षात काही जण महिनोन्‌महिने पॉइंट साठवून बसले, आणि नव्या टँकला (पुढे उभा राहून बॉसचा मार झेलणारा) साधी ढाल मिळेना, तो पडला की चाळीसच्या चाळीस पडायचे. शेवटी एक्सेलमध्ये नियम बदलला, न वापरलेले पॉइंट दर आठवड्याला दहा टक्क्यांनी कमी. भांडणं झाली, चार जण सोडून गेले, पण पुढच्या महिन्यापासून लोक वस्तू घ्यायला लागले आणि रेड एक तास लवकर संपायला लागली.

थंडरफ्युरी या दुर्मिळ तलवारीसाठी बाइंडिंग नावाच्या दोन वस्तू लागतात, एक गार्‌ या बॉसकडून, एक गेडनकडून. आमच्या टँकला गार्‌चं मिळालं, दुसऱ्यासाठी सात महिने थांबलो, नाहीच आलं. तरी तो माणूस एक बुधवार चुकला नाही. त्याला लूटपेक्षा आमच्याबरोबर गप्पा हव्या होत्या हे मला फार उशिरा कळलं.

* * *

गिल्ड वॉर्स 2. दोन मुलांची आई, धाकटा आता दीड वर्षाचा. प्रश्न होता एखादा आठवडा चुकला तर काय, माझे चुकले सत्तरएक. परत लॉगिन केलं तर माझं असेंडेड, म्हणजे ताकदीत सगळ्यात वरच्या दर्जाचं, चिलखत अजून तितकंच चांगलं. 2012 पासून लेव्हल 80 च आहे आणि आकड्यात त्याच्या वर काही येत नाही. लेजेंडरी चिलखत येतं पण ताकद तीच, फक्त सोयीचं आणि दिसायला सुंदर. विझर्ड्स व्हॉल्टमध्ये आठवड्याची कामं असतात, बाळ झोपलं की त्यातली दोन-तीन करते. कधी एकही होत नाही.

* * *

धागाकर्ता परत. सगळे प्रतिसाद वाचले, कोल्हापूरच्या दादाचा दोनदा वाचला.

काल गिल्डमध्ये विषय काढला. ठरलं की गुरुवारी नऊला चार डंजन एकत्र करायची, आठव्यासाठी कोणी कोणाला ओढायचं नाही. तीन झाली आणि हीलरची मुलगी उठली, रडत होती, तर सगळ्यांनी थांबवलं. चौथं रविवारी सकाळी करतोय, दहाला.