शब्दचर्चा : ‘रेइकाई तांतेई’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

जपानी ‘मांगां’चा, म्हणजे चित्रकथा-मालिकांचा, परिचय करून देणारा एक लेख मी मराठीत लिहीत आहे. परलोकाच्या कारभाराशी बांधलेल्या, तपासाचे काम करणाऱ्या पात्रांच्या दोन मालिका त्यात घेतल्या आहेत : योशिहिरो तोगाशी यांची ‘यू यू हाकुशो’ (१९९० ते १९९४) आणि योको मात्सुशिता यांची १९९६ मध्ये सुरू झालेली ‘यामी नो मात्सुएई’. पहिलीतील नायकाला ‘रेइकाई तांतेई’ असे पद मिळते, तर दुसरीतील पात्रांना ‘शिनिगामी’ म्हणतात. पहिल्या पदासाठी मी ‘परलोकातील गुप्तहेर’ असे योजले आहे, परंतु एका स्नेह्यांच्या मते ‘प्रेतलोकाचा हेर’ हे मुळाला अधिक धरून होईल. इंग्रजी भाषांतराच्या आधाराने जाण्याची इच्छा नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पहिले उत्तर

आपल्या शब्दयोजनेत मला ‘परलोक’ खटकत नाही आणि ‘गुप्तहेर’ त्याहून थोडा खटकतो, पण सर्वांत अधिक खटकतो तो मधला ‘-तील’. युसुके उरामेशी हा शाळकरी मुलगा एका लहानग्याला मोटारीखालून वाचवताना मरतो. परलोकाला हे मरण अपेक्षित नसते, कारण त्या लहानग्याला तसेही काही होणार नव्हते, आणि त्यामुळे युसुकेसाठी स्वर्गात किंवा नरकात जागाच नेमलेली नसते. पुढे तो पुन्हा जिवंत होतो आणि ‘रेइकाई तांतेई’ हे पद त्याला मिळते ते जिवंत झाल्यानंतर. म्हणजे हा मुलगा राहतो मनुष्यलोकात, काम करतो तेही बहुतेक मनुष्यलोकात, फक्त त्याला कामावर नेमणारा आणि त्याच्याकडून जाब घेणारा धनी परलोकात आहे.

जपानी भाषेत ‘रेइकाई तांतेई’ हा सामासिक शब्द आहे आणि आपल्याकडील तत्पुरुषाप्रमाणेच त्यात विभक्ती लुप्त आहे. मराठीत आणताना आपल्याला विग्रह करावाच लागतो. सप्तमीने केला तर ‘परलोकातील’ होते, षष्ठीने केला तर ‘परलोकाचा’. कथेचा निर्वाळा षष्ठीच्या बाजूने आहे. याउलट ‘यामी नो मात्सुएई’मधील असातो त्सुझुकी हा खरोखरच मेलेला आहे आणि मृतांच्या राज्यात चाकरीला आहे, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिताना आपला ‘-तील’ निर्धास्तपणे वापरता येईल. दोन्ही मालिकांना एकच शब्दप्रयोग लावण्याचा मोह मात्र टाळावा.

आता ‘प्रेतलोक’. ‘रेइ’ म्हणजे आत्मा, विशेषतः मृताचा, आणि ‘काई’ म्हणजे क्षेत्र किंवा जग. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा ‘धातु’ या पारिभाषिक शब्दासाठी ‘काई’चे हेच लिपिचिन्ह योजले गेले. ‘लोकधातु’चे जे भाषांतर झाले तेच पुढे जपानीत ‘सेकाई’, म्हणजे जग, या रोजच्या शब्दाच्या रूपाने उरले. तेव्हा ‘काई’साठी ‘लोक’ हा प्रतिशब्द निर्दोष आहे. अडचण ‘प्रेत’ या पूर्वपदाची आहे. बौद्ध परंपरेतील प्रेत, म्हणजे कधीही न शमणाऱ्या भुकेने तळमळणारा जीव, याला जपानीत ‘गाकी’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि पुनर्जन्माच्या सहा गतींपैकी ती एक वेगळी गती आहे. ‘रेइकाई’ला ‘प्रेतलोक’ म्हटले की ज्याला बौद्ध परिभाषा ठाऊक आहे तो वाचक गाकींच्या गतीकडे जाईल, आणि ज्याला ती ठाऊक नाही तो आजच्या मराठीतील अर्थाने मृतदेहांकडे जाईल. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. ‘आत्मलोक’ हा शब्द अध्यात्माच्या प्रवचनातला वाटतो. ‘परलोक’ मात्र ‘परलोकवासी झाले’ या आपल्या वृत्तपत्री वाक्प्रचारामुळे सर्वांच्या कानावर आहे आणि त्यात स्वर्ग की नरक याचा निवाडा आधीच झालेला नसतो. ‘रेइकाई’ नेमके तसेच आहे.

जाता जाता, याच मालिकेतील तिसरे जग ‘माकाई’ हे आहे आणि त्यातील ‘मा’ हा बुद्धाला बोधिवृक्षाखाली आडवा आलेल्या ‘मारा’चा संक्षेप आहे. ‘राक्षसलोक’ असे ढोबळ भाषांतर करण्याआधी याचा विचार व्हावा, कारण राक्षसासाठी जपानीत ‘रासेत्सु’ हा संस्कृतातूनच गेलेला वेगळा शब्द आहे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटते. मी केवळ ‘तांतेई’विषयी लिहितो, कारण गोंधळ तिथे अधिक आहे आणि तो मराठीतही जसाच्या तसा आहे.

‘तांतेई’ या शब्दाच्या पहिल्या चिन्हाचा अर्थ शोधणे, धुंडाळणे, आणि दुसऱ्याचा अर्थ छपून माहिती काढणे. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) हा शब्द पोलिसांच्या गुप्त चौकशी करणाऱ्या माणसांसाठीही वापरला जात असे. पुढे पोलीस खात्यातील तपास करणाऱ्यासाठी ‘केइजी’ हा शब्द रूढ झाला आणि ‘तांतेई’ हा मुख्यतः खासगी शोधक किंवा रहस्यकथेचा नायक या अर्थाने उरला. म्हणजे शोध आणि हेरगिरी हे दोन धागे त्या शब्दात पूर्वी गुंतलेले होते, ते काळाच्या ओघात सुटे झाले.

मराठी ‘गुप्तहेरा’चे ते धागे अजून सुटलेले नाहीत. ‘हेर’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बहिर्जी नाईक उभे राहतात, म्हणजे शत्रूच्या मुलखात वेष पालटून फिरणारा आणि राजाला खबर पोहोचवणारा माणूस. दुसरीकडे आपल्या रहस्यकथांनी तोच शब्द खून कोणी केला हे शोधणाऱ्या चतुर गृहस्थालाही बहाल केला. सामान्य रहस्यकथेत यावाचून काही अडत नाही, कारण संदर्भ अर्थ सांभाळून घेतो. येथे मात्र अडते. परलोकाचा ‘हेर’ म्हटले की वाचक असे समजेल की परलोकाने आपला माणूस मनुष्यलोकात पेरून ठेवला आहे आणि तो जिवंतांची पापपुण्ये टिपून वर कळवत आहे. युसुके हे काम करीत नाही. त्याला एखादे प्रकरण सोपवले जाते, चोरीला गेलेली वस्तू परत आणायची असते किंवा मनुष्यलोकात उपद्रव करणाऱ्या एखाद्याला आवरायचे असते. बारकाईने पाहिले तर तोही फारसा शोध घेत नाही, मारामारी अधिक करतो, आणि मालिका जसजशी पुढे सरकते तसतसा पदनामातील ‘तांतेई’ निव्वळ नावापुरता उरतो, पण त्याला इलाज नाही.

माझी सूचना ‘परलोकाचा तपासनीस’ अशी आहे. ‘चिटणीस’, ‘फडणीस’ यांच्यातील जो फारसी ‘-नवीस’, म्हणजे लिहिणारा, तोच ‘तपासनीसा’च्या शेवटी आहे, आणि त्यामुळे या शब्दाला कचेरीचा वास येतो. तो येथे हवाच आहे. युसुकेच्या आधीही या पदावर माणसे होऊन गेलेली असतात, म्हणजे ही कोणाची हौस नव्हे, ती नेमणूक आहे. मालिकेच्या नावातही कचेरी आहेच. ‘हाकुशो’ हा जपानी सरकारच्या अधिकृत अहवालासाठीचा शब्द आहे आणि मराठीत त्याला ‘श्वेतपत्रिका’ हा तयार प्रतिशब्द आहे. ‘यू’ आणि ‘यू’ ही दोन वेगळी चिन्हे आहेत, एकाचा अर्थ गूढ किंवा भूतांसंबंधीचा आणि दुसऱ्याचा खेळ, भटकणे. ‘भूतखेळांची श्वेतपत्रिका’ असे काहीसे नाव होईल. मुळातील थट्टा त्यात बऱ्यापैकी उतरते, असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याची शंका

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. मात्र ‘तपासनीस’ हा शब्द शाळातपासनिसाची आठवण करून देतो. शिवाय दोन्ही मालिकांत ‘एन्मा’ येतो आणि तो आपला यमच आहे असे वाचले. मग ‘परलोक’ कशाला, सरळ ‘यमलोक’ का म्हणू नये? आणि आपल्या पुराणांत यमाच्या पदरी असे शोधक असतील तर त्यांचेच नाव का घेऊ नये?

तिसरे उत्तर

एन्मा हा आपला यमच आहे यात संशय नाही, परंतु तो जपानला पोहोचेपर्यंत वाटेत चीनमध्ये न्यायाधीश होऊन गेला, ही गोष्ट लक्षात ठेवावी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यम हा निवाडा करीत नाही. मरणाऱ्यांत पहिला तो, त्याने पितरांची वाट शोधून काढली आणि मागून येणाऱ्यांसाठी ती मोकळी केली. चीनमध्ये मृतांच्या दहा राजांची कल्पना रुजली आणि त्या दहांत यम पाचवा ठरला. मृत्यूनंतर दर सातव्या दिवशी एकेका राजापुढे हजेरी, पस्तिसाव्या दिवशी यमापुढे, एकोणपन्नासाव्या दिवशी सातव्या राजापुढे, असा तो क्रम आहे. जपानमध्ये एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी अजून केले जातात. चित्रांत आणि मूर्तींत एन्मा चिनी न्यायाधीशाची टोपी आणि झगा घालून बसलेला दिसतो, आणि त्याच्यापुढे मृताची कृत्ये दाखवणारा आरसा असतो. मंत्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध, परंपरेत मात्र ‘एन्मातेन’ या नावाने त्याचे जुने रूपही टिकून राहिले आहे, आणि तेथे तो आपल्या यमाप्रमाणेच रेड्यावर बसतो.

म्हणून ‘यमलोक’ हा शब्द ‘यामी नो मात्सुएई’साठी उत्तम आहे. तेथे ‘एन्माचो’, म्हणजे यमाची कचेरी, हे पात्रांच्या नोकरीचे ठिकाण आहे आणि राज्याचे नाव ‘मेइफू’ असे आहे. ‘मेइ’ म्हणजे अंधार आणि ‘फू’ म्हणजे शासनाचे ठाणे. क्योतो आणि ओसाका या प्रांतांच्या नावांना आजही जे ‘फू’ जोडतात ते हेच. ‘यमपुरी’ या आपल्या शब्दाशी त्याचे चांगले जुळते. ‘यू यू हाकुशो’मध्ये मात्र लेखकाने मुद्दाम ‘रेइकाई’ हा व्यापक शब्द घेतला असल्याने तेथे ‘परलोक’च ठेवावा. त्यातील यमपुत्र ‘कोएन्मा’, ज्याच्या नावातील ‘को’चा अर्थ लहान असा आहे, याला ‘बाळयम’ म्हणता येईल. तोंडात चोखणी घातलेला आणि वडिलांच्या वतीने सारा कारभार हाकणारा हा अधिकारी पाहता मला मात्र ‘धाकटे सरकार’ हे अधिक शोभते.

आता पुराणांतील शोधकांविषयी. आपली शंका रास्त आहे आणि शोधायला गेले तर सामग्री भरपूर सापडते. यमाच्या दोन कुत्र्यांविषयी ऋग्वेदात ‘यमस्य दूतौ चरतो जनाँ अनु’ असे म्हटले आहे, म्हणजे यमाचे हे दोन दूत लोकांमधून हिंडत असतात. गरुडपुराणात तर ‘श्रवण’ नावाचे ब्रह्मदेवाचे पुत्रच आहेत, जे तिन्ही लोकांत फिरून दुरूनही पाहतात, ऐकतात आणि माणसांची कृत्ये चित्रगुप्ताला सांगतात. स्त्रियांची कृत्ये त्यांच्या पत्नी जाणतात, असेही तेथे आहे. जपानी परंपरेतील ‘गुशोजिन’ हे याच जातीचे. माणसाबरोबरच जन्मणारे आणि त्याचे बरेवाईट लिहून ठेवणारे ते दोन देव ‘यामी नो मात्सुएई’मध्ये ग्रंथपाल बंधूंच्या रूपात भेटतात.

परंतु श्रवण म्हणा, गुशोजिन म्हणा, हे सारे खबर देणारे आहेत, शोध घेणारे नव्हेत, आणि या ठिकाणी दुसऱ्या उत्तरातील भेद कामास येतो. गरुडपुराणातील व्यवस्थेत काहीही अज्ञात राहत नाही. श्रवणांनी सांगितले, चित्रगुप्ताने लिहिले, यमाने निकाल दिला. जेथे वही पुरी आहे तेथे तपासाला वावच नाही. या मांगांची कथा सुरू होते ती वहीत न बसणाऱ्या नोंदीपासून : एक मुलगा ठरलेले नसताना मेला, किंवा मरण आलेला माणूस ठरल्या वेळी यमलोकी पोहोचलाच नाही. चित्रगुप्ताची वही चुकू शकते असे मानल्याशिवाय परलोकाला तपासनीस लागत नाही. तेव्हा ‘श्रवण’ हा शब्द भाषांतरात घेऊ नये. एक तर सामान्य वाचकाला श्रावणबाळ आठवेल, आणि दुसरे म्हणजे अर्थ नेमका उलटा होईल.

शाळातपासनिसाची भीती मला तितकीशी वाटत नाही. आजच्या पिढीला तो गृहस्थ ठाऊकही नाही. तरीही शब्द नको असेल तर ‘परलोकाचा शोधाधिकारी’ असे न करता ‘परलोकाचा तपासी अंमलदार’ करावे. पोलीस ठाण्याच्या कागदांत हा शब्द रोज असतो, आणि उनाड शाळकरी पोराला तो लावला की आपोआप हसू येते.

चौथे उत्तर

‘शिनिगामी’विषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात जोड देतो. ‘शि’ म्हणजे मरण आणि ‘कामी’ म्हणजे देव, समासात ‘का’चा ‘गा’ होतो. त्यामुळे ‘मृत्युदेव’ हे भाषांतर सुचते आणि ते टाळावे. शिनिगामी हा बौद्ध देवमंडळातील जुना देव नव्हे. हा शब्द मेइजीपूर्वीच्या एदो काळातील नाटकांत दिसतो, आणि त्याच नावाची प्रसिद्ध राकुगो कथा, म्हणजे एकट्याने बसून सांगायची विनोदी गोष्ट, तर मेइजी काळात सान्युतेई एन्चो यांनी युरोपीय लोककथेवरून बेतलेली आहे. मात्सुशिता यांचे शिनिगामी ही मेल्यानंतर नेमलेली, पगारासाठी कुरकुरणारी माणसे आहेत. त्यांना ‘यमदूत’ हाच शब्द योग्य. ‘दूत’ म्हटले की पाठवणारा कोणीतरी आहे हे ओघानेच येते, ‘देव’ म्हटले की ते नाहीसे होते.

त्सुझुकी ज्या ‘शोकान’ विभागात आहे त्या शब्दाचा अर्थ बोलावून हजर करणे असा होतो, आणि तो न्यायालयीन बोलावण्यासाठीही वापरतात. ‘आवाहन विभाग’ असे करू नये, कारण आवाहन आपण देवांना करतो. ‘समन्स विभाग’ असे सरळ लिहावे. कोर्टाची पायरी चढलेल्या मराठी वाचकाला तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही.