वर्गात खेळ म्हणजे टाइमपास? मग हे वाचा

खडूवाली
काल एका पालकांनी इथे लिहिलं, "शाळेत मोबाइलवर क्विझ खेळवतात, म्हणजे शिक्षकांना शिकवायचा कंटाळा." ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

मी कुर्ल्यात मराठी शाळेत सहावीला गणित शिकवते. मुलांकडे फोन नाहीत, मी मागतही नाही. प्लिकर्स नावाच्या क्विझ ॲपची कार्डं कागदावर छापून घेतली आहेत. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती कड वर धरायची, मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, तो सगळ्यांची कार्डं वाचतो. शेजाऱ्याचं कार्ड बघून कॉपी करता येत नाही, कारण नक्षीच जुळत नाही.

परवा विचारलं, 1/2 अधिक 1/3 किती? जवळजवळ अर्ध्या वर्गाचं उत्तर 2/5. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, झालं! "समजलं का?" विचारल्यावर हीच मुलं "हो बाई" ओरडली होती. मग पुढचा धडा ठेवला बाजूला. कागदाच्या पट्टीला सहा भाग पडतील अशा घड्या घालायला लावल्या. तीन भाग रंगवा, आता आणखी दोन. तेव्हा कुठे 5/6 दिसलं. याला कंटाळा म्हणायचं?

भांडुपकर
बाई, तो पालक मीच. तुमचं वेगळं आहे, मान्य. माझ्या मुलाच्या शाळेत कहूट नावाचं ऑनलाइन क्विझ चालतं. त्यात नेहमीच्या पद्धतीत जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. पोरगं प्रश्न पुरता वाचतच नाही. घरी विचारलं काय शिकलास, तर म्हणाला "तिसरा आलो". कशात तिसरा, ते सांगता येईना.

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग बघा. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढत बसली.

जुना मास्तर
आम्ही लालबागला साठ-साठ पोरांचा वर्ग खडू-फळ्यावर सांभाळला. पाढे पाठ, हिशेब चोख. स्वीडननेसुद्धा 2023 मध्ये पुन्हा छापील पुस्तकांकडे मोर्चा वळवलाय. तुम्ही कसले फोन फिरवताय?

सायनची मावशी
मास्तर, साठातली किती पोरं मागच्या बाकावर गप्प बसून नापास झाली, तेही सांगा. माझा भाऊ त्यातलाच. आणि परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. तेही उगाच का?

भांडुपकर
सगळे काही डिसले गुरुजी नसतात. बाकीच्यांना मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, तरी प्रश्न काढायला वेळ नाही. तयार क्विझ उचलतात आणि लावतात.

खडूवाली
सुट्टीचं बोलू नका! आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना देता येतात. त्या "एवढीच" मध्ये बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरणाऱ्या बूथ अधिकाऱ्याचं, काम बसतं. गेल्या उन्हाळ्यात मी चाळींचे जिने चढत मतदारांचे फॉर्म भरून घेत होते. शाळा सुटली की पुन्हा तेच. त्यावर रोजची ऑनलाइन माहिती, प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो. चांगला प्रश्न काढायचा तर मुलं नेमकी कुठे चुकतील ते आधी ओळखून चुकीचे पर्याय लिहावे लागतात. 2/5 हा पर्याय मी मुद्दाम घातला होता. ते कधी करायचं, रात्री अकराला?

जुना मास्तर
निवडणुकीची कामं आम्हीपण केली. कुरकुर केली नाही.

सायनची मावशी
कुरकुर केली नाहीत म्हणूनच अजून चालू आहे. माझी जाऊ शिक्षिका आहे. तिच्या वर्गावर त्या दिवसांत दुसऱ्या वर्गाच्या बाई दोन वर्ग एकत्र घेऊन बसतात. ते नुकसान कुठल्या गेमने भरून काढणार?

भांडुपकर
बीएलओचा मुद्दा पटला, तेवढा पटला. पण गुणफलकावर पहिला-दुसरा लावणं मला अजूनही चुकीचं वाटतं.

खडूवाली
मीही लावत नाही. वर्गासमोर नावं येत नाहीत, कोणत्या पर्यायाला किती कार्डं तेवढंच दाखवते. कोण चुकलं ते माझ्या फोनवर. तुमच्या मुलाच्या बाईंना हे सांगा, भांडायला जाऊ नका.

भांडुपकर
पालकसभा शनिवारी आहे. कार्डं छापायची फाइल पाठवा.

जुना मास्तर
मलापण. नातू सहावीत आहे. पाढे मात्र मी पाठच करून घेणार.