मदत हवी : गाडीत पेनड्राइव्ह वाजत नाही, परवा पहाटे निघायचंय

जामनेरी_गडी
भो, परवा पहाटे जळगावहून वणीच्या गडावर, सप्तशृंगीला निघायचंय. आई, दोन आत्या, मावशी आणि पोरं. पेनड्राइव्ह भरून ठेवलाय, लॅपटॉपवर एक नंबर वाजतो, गाडीत खोचला की गाणी नाहीत. डोकं फिरलंय नुसतं. नवा स्टिरिओ घ्यायचा नाही, सांगूही नका. ज्याला खरंच माहीत असेल त्यानेच लिहा.

धुयेकर_अप्पा
आरे भाऊ, गाडी कोनती शे, स्टिरिओ कोनता शे, पेनड्राइव्ह किती जीबीना शे? तू काहीच लिखं नही. आम्हले काय सपन पडस का?

जामनेरी_गडी
सात सीटर, 2014 ची, सेकंडहँड. स्टिरिओ कंपनीतून आलेलाच. पेनड्राइव्ह 64 जीबी, नवाकोरा. अजून काय, गाडीची कुंडली देऊ का?

रावेरची_केळी
एफएम ट्रान्समीटर घे. लायटरच्या भोकात लावायचा, मोबाइल ब्लूटूथने जोडायचा, रेडिओवर तीच फ्रिक्वेन्सी लावायची. मी वर्षानुवर्षं वापरतोय. पेनड्राइव्हचा जमाना गेला.

सोल्डरवाला_भुसावळ
दादा, त्याने विचारलं काय आणि आपण सांगताय काय. आणि ट्रान्समीटर गावात शिरला की खरखरतो. 87.5 ते 108 च्या पट्ट्यात रिकामी जागा शोधावी लागते. जळगावात एक मोकळी सापडली तर धुळ्यात तिच्यावर दुसरंच स्टेशन बसलेलं असतं, की परत बदला. चालवता चालवता हे करणार कोण?

जामनेरी, स्टिरिओच्या पडद्यावर काय येतं ते लिही. "नो फाइल", "एरर", की काहीच नाही? पेनड्राइव्हचं फॉरमॅटही बघ, म्हणजे त्यावर फाइली कोणत्या पद्धतीने साठतात ते. लॅपटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल सिस्टिम.

जामनेरी_गडी
एक्सफॅट लिहिलंय. पडद्यावर थोडा वेळ "रीडिंग" येतं, मग रेडिओ सुरू होतो.

सोल्डरवाला_भुसावळ
मग झालं. 64 जीबीचे पेनड्राइव्ह दुकानातून बहुतेक एक्सफॅटमध्येच येतात, आणि त्या काळातल्या बऱ्याच स्टिरिओंना फॅट-32 शिवाय काही वाचता येत नाही. लॅपटॉपला दोन्ही कळतात म्हणून तिथे वाजतंय. फॅट-32 करून घे. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्याय दिसत नाही, म्हणून सरळ 16 चा जुना पेनड्राइव्ह शोध. 128 केबीपीएसची, म्हणजे साध्या दर्जाची गाणी मिनिटाला साधारण एक एमबी खातात. 16 जीबीत अडीचशे तासांहून जास्त बसतील. गडावर जाऊन यायला तेवढा वेळ लागत नाही. आणि फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, तेव्हा गाणी आधी लॅपटॉपवर काढून ठेव.

कासोद्याची_ताई
गडावर जाताय तर आत्यांना पायऱ्या चढवू नका हं. आता ट्रॉली आहे, 2018 पासून. आमच्या सासूबाई हट्टाने पायऱ्यांनी गेल्या आणि नंतर आठवडाभर गुडघे शेकत बसल्या. नवरात्र आणि चैत्रोत्सव सोडून गेलात तर रांगही बरी असते.

जामनेरी_गडी
ताई, ट्रॉलीचं ठरलंय. गाण्यांचं बोला.

चाळीसगाव_एक्सप्रेस
कोणत्या रस्त्याने जाताय? धुळ्यावरून जाऊ नका. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, मालेगाव, मग सटाणा, कळवण, नांदुरी.

धुयेकर_अप्पा
काबरं? धुयावरथीन काय वाईट शे? चांगला चौपदरी सोडीसन भडगावना खड्डामा काबरं जावो? आनि धुयामा काया मसालानी शेवभाजी खाईसन निंघतस लोके.

चाळीसगाव_एक्सप्रेस
अप्पा, पहाटे निघालेला माणूस सकाळी आठला शेवभाजी खाईल का?

धुयेकर_अप्पा
मी तं आठलेबी खास.

अमळनेरचा_बापू
आमच्या वेळी काळीपिवळीत कॅसेट असायची. ड्रायव्हर कॅसेट काढून पेन्सिल घालून फिरवायचा, टेप आत ओढायचा, परत लावायचा. एकदा पारोळ्याजवळ टेप अडकली ती सरळ खिडकीबाहेर फडफडत गेली आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर. तेव्हा फॉरमॅट-बिरमॅट काही नव्हतं.

जामनेरी_गडी
बापू 🙏
16 चा सापडला, फॅट-32 केला, गाणी परत टाकली. हिंदी वाजतात आता. पण मला हवी ती वाजतच नाहीत. त्यांची नावंसुद्धा दिसत नाहीत पडद्यावर.

सोल्डरवाला_भुसावळ
हवी ती म्हणजे कोणती?

जामनेरी_गडी
आमची घरची. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची. ज्यांच्यासाठी एवढा कुटाणा चाललाय ती.

सोल्डरवाला_भुसावळ
अरे राजा, घरची म्हणजे कोणी रेकॉर्ड केलेली, कशावर? एका फाइलचं पूर्ण नाव लिही, टिंबाच्या पुढचं पण.

जामनेरी_गडी
थोरल्या आत्याने म्हटलीत. गौराईची, झोक्यावरची, कानबाई देवीची पण आहेत. तिला सगळी पाठ आहेत, धाकटीला अर्धी, आईला चाल तेवढी. गावी झोका बांधला की म्हणते आणि चुलतभाऊ ग्रुपवर टाकतो. नाव असं : पीटीटी-20240510-डब्ल्यूए0007.ओपस. अशी शंभरेक आहेत, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये.

सोल्डरवाला_भुसावळ
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं भो! ही गाणी नाहीत, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट आहेत. त्या ओपस प्रकारात साठतात. ओपस हा प्रकारच 2012 ला पक्का झाला. तुझा स्टिरिओ एमपीथ्री आणि फार तर डब्ल्यूएमए ओळखतो, त्याला ती फाइल गाणं वाटतच नाही, म्हणून नावही दाखवत नाही.

रावेरची_केळी
नाव बदलून टाक. शेवटचं .ओपस खोडून .एमपी3 लिही. दोन मिनिटांचं काम.

सोल्डरवाला_भुसावळ
केळीभाऊ, डब्यावर साखर लिहिल्याने मीठ गोड होतं का? नाव बदललं की यादीत दिसेल, वाजणार नाही. काही स्टिरिओ तर तिथेच अडकून बसतात. आतून बदलायला हवं.

रावेरची_केळी
मग माझा ट्रान्समीटर काय वाईट होता? मोबाइलवर ओपस वाजतंच की. नोट लावली, रेडिओवर ऐकली, काही बदलायची गरज नाही.

एरंडोल_आयटी
केळीभाऊंचं निम्मं बरोबर आहे, फोनवरून वाजवलं तर फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. स्टिरिओला ब्लूटूथ आहे का? ऑक्सचं, म्हणजे वायरने मोबाइल जोडायचं 3.5 मिमीचं भोक आहे का?

जामनेरी_गडी
ब्लूटूथवर फक्त फोन येतात, गाणं लावलं की मोबाइलमध्येच वाजतं. ऑक्स आहे. पण माझ्या मोबाइलला हेडफोनचं भोकच नाही.

एरंडोल_आयटी
कॉलचं ब्लूटूथ वेगळं, गाण्याचं वेगळं. जुन्या काही स्टिरिओत फक्त पहिलं असतं, त्यावर उपाय नाही. ऑक्ससाठी टाइप-सी टू 3.5 कनेक्टर मिळतो, पण दुकानात आपला मोबाइल लावून वाजवून बघूनच घे. काही मोबाइलना साधा चालतो, काहींना आत चिप असलेला लागतो. दुसरं म्हणजे मोबाइल चार्जिंगलाही लावला आणि ऑक्सलाही, तर इंजिनाबरोबर चढणारी "कुईंऽऽ" येऊ शकते. ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर. तसं झालं तर चार्जर काढ.

जामनेरी_गडी
आणि मोबाइलवर नकाशा लावायचाय, फोन येणार, मध्येच आत्या थांबणार. नको. पेनड्राइव्हच हवा. बदलायचं कसं तेवढं सांगा. एकेक करत बसलो तर उजाडेल.

सोल्डरवाला_भुसावळ
एकेक नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर आहे ना? आधी सगळ्या नोट एका फोल्डरमध्ये आण. मग मीडिया मेनूत कन्व्हर्ट/सेव्ह, सगळ्या एकदम निवड, प्रोफाइलमध्ये ऑडिओ-एमपीथ्री. शेजारच्या पान्याच्या खुणेवर जाऊन 128 केबीपीएस आणि 44100 हर्ट्झ ठेव. 320 करू नकोस, मुळातच नोटमध्ये तेवढा आवाज नसतो, नुसती जागा जाईल. आधी दोनच करून गाडीत वाजव, मग बाकीच्या.

एरंडोल_आयटी
आणि एक अजून. व्हॉइस नोट हळू असतात, हिंदी गाणी मोठ्याने. आत्याचं ऐकायला आवाज वाढवशील आणि पुढचं हिंदी गाणं लागलं की नांदुरीच्या घाटात ड्रायव्हर सीटवरून उडेल. ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन करून घे, म्हणजे सगळ्यांचा आवाज सारखा होईल. किंवा साधं कर, दोन वेगळे फोल्डर ठेव.

जामनेरी_गडी
दोन टाकून बघितल्या, वाजल्या!! सगळ्या लावल्यात आता. पण क्रम उलटासुलटा. पाठवणीचं आधी आणि गौर बसवायचं नंतर. आत्या हे ऐकून घेणार नाही.

सोल्डरवाला_भुसावळ
बरेच स्टिरिओ नावाचा क्रम बघत नाहीत, पेनड्राइव्हवर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी. नावाच्या आधी 001, 002 असं घाल, पेनड्राइव्ह रिकामा कर आणि त्याच क्रमाने परत टाक. तरी गोंधळ झाला तर फॅटसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते आहे त्या जागी क्रम लावून देतं.

कासोद्याची_ताई
भाऊ, ती गाणी कुठेतरी वर टाका ना. आमच्याकडे आजी गेली आणि झोक्यावरची निम्मी गाणी तिच्याबरोबर गेली. आता मुली झोक्यावर बसून मोबाइल बघतात. नवीन सुनांना शिकवायला कोणी नाही.

अमळनेरचा_बापू
ताई म्हणताहेत ते खरं आहे. फक्त नावं नीट द्या. पीटीटी-बिटीटी लिहून कोणाला कळणार? कोणत्या गावचं, आखाजीचं की कानबाईचं, कोणी म्हटलं. त्याच गाण्याची चाल तुमच्याकडे एक आणि आमच्या बोरी नदीकाठी दुसरी असते.

जामनेरी_गडी
आत्याला आत्ताच विचारलं. म्हणते टाक, पण आधी मला सगळं ऐकू दे. शेजारणीची कुत्री जिथे भुंकते ती काढ, आणि धाकटी जिथे चुकली ती पण. यावरून दोघींचं आत्ता खाली सुरू झालंय. नावं घालायला बसवतो दोघींना गाडीतच, पाच-सहा तास आहेत.

चाळीसगाव_एक्सप्रेस
रस्त्याचं काय ठरलं मग?

जामनेरी_गडी
धुळ्यावरून. मावशीला पारोळ्याला घ्यायचंय.

धुयेकर_अप्पा
😎 शेवभाजी येताना खाय.