सोनं लाखाच्या पुढं गेलं. आता पोराला गलाईत घालावं का?

येरळाकाठ (विटा)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या घरचा आहे, पण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या बऱ्याच घरांत हाच चालू असणार म्हणून इथं मांडतो.

माझे विट्यात माग आहेत. थोरला मुलगा यंदा बीएस्सी झाला, केमिस्ट्री घेऊन. आमच्या दाजींचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून चोख करायचं, दुकान आहे. दाजी म्हणतात, पोराला पाठवा, हाताखाली शिकू दे, मग जवळपासच्या गावात त्याला दुकान टाकून देऊ. दहा वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर लगेच बॅग भरली असती. आज मन घेत नाही.

मागाचं काय चाललंय ते मी रोज बघतो. सुताचा दर विट्यात ठरत नाही. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस हलला की थोड्या दिवसांत आमच्या सुताच्या बिलात दिसतो, कापडाचा दर मात्र जिथल्या तिथं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा पेपरात तिरुप्पूरचं नाव आलं, सुरतेचं आलं. विट्याचं कुणी छापलं नाही. पण व्यापाऱ्यानं माल उचलायला उशीर केला की इथं माग थांबतात आणि कामगाराचा पगार काही थांबवता येत नाही. म्हणून वाटतं, पोरगं यातनं बाहेर पडावं.

पण गलाईत तरी काय आहे? सोनं लाखाच्या पुढं गेलं, दागिना करणार कोण? मोठ्या कंपन्यांच्या रिफायनऱ्या आल्या, गल्लोगल्ली कॅरेट बघायची मशिनं आली, हॉलमार्क आलं. कसोटीचा दगड आणि नजर यावर उभा राहिलेला धंदा आणखी वीस वर्षं चालेल का? जे स्वतः भट्टीपुढं बसलेत त्यांनी सांगा. यात्रेला गावी आल्यावर सगळेच "बरं चाललंय" म्हणतात, त्यावर मला पोराचं आयुष्य ठरवता येत नाही.

मूसवाला (गाव पारे, मुक्काम तमिळनाडू)

दादा, मी भट्टीपुढं बसणाराच आहे. सविस्तर लिहितो.

आपला धंदा दागिना विकण्याचा नाही, दागिना मोडण्याचा आहे, हे आधी डोक्यात घ्या. सोनं महागलं की नवा दागिना कमी खपतो, ते बरोबर. पण त्याच वेळी जुना पेटीतनं बाहेर येतो. ज्या घरात पूर्वी लेकीच्या लग्नाला नवं सोनं घ्यायचे, तिथं आता आईच्या पाटल्या मोडून लेकीचं करतात. सोनार त्या पाटल्या आमच्याकडं आणतो. गेली दोन वर्षं आमच्या बाजारात काम वाढलंय, कमी झालेलं नाही.

सोनं का चढलं हेही पोराला कळलं पाहिजे, नाहीतर तो नुसता आकडा बघत बसेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर चाल केली, आणि युरोप-अमेरिकेनं रशियाची बाहेर ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. तेव्हापासनं बऱ्याच देशांच्या मध्यवर्ती बँकांनी सोनं साठवायचा जोर धरला. २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची खरेदी १,००० टनांच्या वर गेली. मग एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडं १० ग्रॅम सोनं पहिल्यांदा लाखावर पोचलं. म्हणजे आपल्या लेंगरे गावचा पोरगा सेलमच्या एखाद्या गल्लीत जे सोनं वितळवतो, त्याचा भाव कुठल्या तरी देशाच्या तिजोरीतल्या निर्णयानं ठरतो. आपल्या हातात भाव नाही. काम किती चोख करायचं तेवढं हातात आहे.

धक्के आपल्या लोकांना नवीन नाहीत. १९६३ साली सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं, १४ कॅरेटच्या वरचा दागिना करायला बंदी केली. देशभरातले सोनार देशोधडीला लागले. त्या काळात आमच्या आजोबांनी चांदी गाळून घर चालवलं. पुढं १९६८ चा कायदा आला, तो १९९० साली रद्द झाला, आणि मग आमच्या गावातनं एकामागं एक पोरं निघाली. ७२ च्या दुष्काळानं एक पिढी बाहेर काढली होती, पुढची खुल्या बाजारानं काढली. नोटबंदी झाली तेव्हा बाजार आठवडेच्या आठवडे मुका होता. २०१७ ला ३ टक्के जीएसटी आला. जून २०२१ पासनं हॉलमार्क सक्तीचं झालं, एप्रिल २०२३ पासनं सहा अक्षर-अंकांच्या नंबराशिवाय दागिना विकता येत नाही. दरवेळी गावाकडं बोललं गेलं की गलाई संपली. दरवेळी थोडी दुकानं बंद झाली, बाकीच्यांनी कामाची तऱ्हा बदलली.

आता मशिनाचं. माझ्याकडंही आहे. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. वरनं २२ कॅरेट आणि आत तांब्याची सळई, असा कडा मशिनाखाली ठेवला तर मशिन २२ च सांगणार. गेल्या वर्षी असाच एक आला. दिसायला जड, रंग सुरेख. मी छिन्नी मारली, कापल्या जागी लालसर दिसलं. नजर लागते ती इथं.

आणि खरा हिशेब गाळल्यावरच कळतो. तुमच्या पोराची केमिस्ट्री इथं कामाची आहे. जुन्या सोन्यात चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, मग ते नायट्रिकच्या तेजाबात टाकायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाला तपकिरी चूर्ण राहतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो गाळ वाटतो. धुऊन, टाकणखार घालून परत भट्टीत धरला की पिवळी लगड. तेजाबाच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदीही परत खाली बसते. यातलं काहीच वाया घालवायचं नसतं. भट्टीपुढची धूळसुद्धा झाडून ठेवतो.

धोका कुठं आहे तेही ऐका. पहिला भांडवलाचा. २०१८ च्या सुमारास १०० ग्रॅम माल घ्यायला तीन लाख पुरायचे, आता दहा लाखांच्या वर लागतात. मजुरी मात्र त्या पटीत वाढली नाही. २३ जुलै २०२४ ला बजेटमध्ये आयातशुल्क १५ टक्क्यांवरनं ६ टक्क्यांवर आणलं, आणि एका दिवसात १० ग्रॅममागं तीन हजारांच्या वर भाव पडला. ज्यानं सकाळी १०० ग्रॅम घेऊन ठेवलं, त्याचे संध्याकाळपर्यंत तीस हजार गेले. म्हणून नव्या पोरानं स्वतःचा माल साठवू नये. मजुरीवर गाळावं, घेतलं तर त्याच दिवशी विकावं.

दुसरा धोका चोरीच्या मालाचा. कुणीतरी दागिना आणतो, आपण घेतो, दोन महिन्यांनी पोलीस दारात. माझ्या एका चुलतभावाला परमुलखात असं उचलून नेलं होतं. सुटला, पण माल गेला, वकिलाचा खर्च गेला, बाजारात मान खाली गेली ती वेगळीच. म्हणून अनोळखी गिऱ्हाईकाकडनं काही घ्यायचंच नाही. घेतलंच तर ओळखपत्र, फोटो, पावती, आणि पैसे बँकेतनं. तसंही एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर आयकरवाले तो खर्च धरत नाहीत.

टिकण्याचं म्हणाल तर, मोठी रिफायनरी किलोनं माल मागते. गल्लीतल्या सोनाराकडं वीस ग्रॅम असतात आणि त्याला संध्याकाळी ते चोख करून हवे असतात. तो माझ्या टेबलावर माल ठेवून चहाला जातो. ही पत एकट्याची नाही. आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या भागातल्या माणसांनी ती त्या बाजारात कमावली आहे, आणि एका पोरानं गडबड केली तर सगळ्यांची जाते. तुमचा मुलगा सरळ असेल तर पाठवा. झटपट पैशाची ओढ असेल तर दाजींच्या दुकानात पाठवू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

टेंभूचंपाणी (आटपाडी तालुका)

मूसवाले, तुमच्या कष्टाला नमस्कार, पण मी उलट सांगणार.

मी तेरा वर्षांचा असताना गलाईत गेलो, चाळिशीत परत आलो. त्या वेळी जाण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या शिवारात कुसळं उगवायची. आता कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं आमच्यापर्यंत आणलंय. माझ्याकडं डाळिंब आहे. गावात बारा महिने उजेड दिसतो. आधी निम्म्या बंगल्यांना कुलूप असायचं, यात्रा आणि दसरा सोडून.

जगाचा भाव इथंही चुकत नाही, हे मान्य. बांगलादेशानं फळावरचा आयातकर वाढवला की आटपाडीच्या सौद्यात दुसऱ्या दिवशी बोली उतरते. तेल्या रोग आला तर बाग काढून टाकावी लागते. पण रात्री झोपताना कुणी दार ठोठावेल अशी भीती नाही. दादा, मुलगा केमिस्ट्रीचा आहे तर खतं, माती-पाणी परीक्षण, निर्यातीच्या फळातले औषधांचे अंश तपासणं, यात का घालत नाही? द्राक्षवाले तासगावकडं आहेतच. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. ते काम परमुलखात जाऊन करायची गरज नाही.

माहेर_लेंगरे (केरळ)

दोघांचं वाचलं. बाईमाणसाची बाजूही ऐका.

लग्न होऊन केरळात आले तेव्हा दुकानाच्या वरच राहायचो. तेजाब तापलं की तांबूस-नारिंगी धूर निघतो, तो नायट्रिकचा. जिन्यातनं सरळ वर यायचा. आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, खोकला आज पंधरा वर्षं हटलेला नाही. माझ्या भावाचं नाक सोनं गाळता गाळता वासच विसरलंय. हे यात्रेत कुणी सांगत नाही. तिथं सगळे गळ्यात चेन घालून येतात. आता आम्ही धूर ओढून पाण्यातनं सोडणारी यंत्रणा बसवली. खर्च झाला, पण मी हट्ट धरला होता.

येरळाकाठ दादा, दाजींना तीन गोष्टी विचारा. धूर कुठनं बाहेर जातो? पोरगं झोपणार कुठं? आणि त्याचा पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होणार का? शिकाऊ पोराला "घरचंच आहे" म्हणत वर्षानुवर्षं नुसतं जेवणखाण आणि दिवाळीला कपडे देणारे आपल्यातच आहेत. दाजी भले माणूस असतील, तरी आधी बोलून घ्या. नंतर बहिणीच्या घराशी वाकडं येतं.

मुलांचं म्हणाल तर माझी दोन्ही मल्याळम माध्यमात शिकली. आजीशी फोनवर मराठी बोलतात, लिहिता येत नाही. मला ते सलतं. पण त्यांना दोन मुलूख आपले वाटतात, हेही खरं. टेंभूचंपाणी भाऊ, तुमच्याकडं आठ एकर असेल. आमच्याकडं सव्वा एकर, तेही तीन भावांत. सगळ्यांना परत येता येत नाही.

येरळाकाठ (विटा)

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचे तिन्ही प्रश्न आज रात्रीच दाजींना विचारतो. धुराचं माझ्या ध्यानातच नव्हतं, कारण दुकान मी नेहमी पुढनंच बघितलंय.

टेंभूचंपाणी भाऊ, जमीन आमचीही दोनच एकर आहे आणि टेंभूचा पाट अजून आमच्या वस्तीपर्यंत नाही. पण तपासणीच्या प्रयोगशाळेचं पोराला वाचून दाखवलं, त्यानं कान टवकारले.

मूसवाले, एकच विचारतो. हॉलमार्क सेंटरमध्ये सोनं तपासायचं काम या शिक्षणावर मिळतं का? म्हणजे पोरगं धंद्याजवळ राहील आणि भांडवलही अडकणार नाही.

मूसवाला (गाव पारे, मुक्काम तमिळनाडू)

मिळतं. हॉलमार्क सेंटरला सोनं तपासणारी शिकलेली माणसं लागतातच. तिथं मशिनावर पहिली तपासणी होते, पण पक्का निकाल भट्टीतल्या पद्धतीचा. नमुना शिशाच्या पत्र्यात गुंडाळून तापवतात, शिसं आणि तांबं हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटीत शोषलं जातं, राहिलेल्या मण्यातली चांदी नायट्रिकनं काढतात, उरलेलं सोनं काट्यावर. आमच्याच कामाचं हे बारीक रूप आहे, ग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम.

जुलै २०२५ पासनं ९ कॅरेटलाही हॉलमार्क लागू झालंय. सोनं परवडत नाही म्हणून लोक तिकडं वळले तर उद्या मोडीला येणाऱ्या मालात सोनं ३७.५ टक्के आणि बाकी सगळं मिश्रण असेल. तेजाब जास्त, हिशेब अवघड. तो हिशेब कागदावर मांडता येणारा पोरगा माझ्या दुकानात आज नाही.

आधी सेंटरमध्ये वर्ष-दोन वर्षं काढू द्या, सांगली-कोल्हापूरकडंच बघा. मग दाजींकडं जायचं का, ते त्याचं त्याला कळेल. दसऱ्याला पालखी शर्यतीला मी विट्यात असतो, पोराला घेऊन या. त्याला मशिनाला फसवणारा तो कडा दाखवतो, कापलेला तुकडा जपून ठेवलाय.