'डिलीट'ला काय म्हणावं: हटवणे, पुसणे की नाव कमी करणे?

खडेबाजारकर:
आमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका मराठीतही होतात, कन्नडमध्येही. कामाला नवीन लागलेल्या पोरांसाठी लिनक्सच्या सूचना मराठीत लिहायला घेतल्यात आणि 'डिलीट'पाशी अडलोय. फोनवर मराठीत 'हटवा' येतं, कन्नडमध्ये 'अळिसि', म्हणजे पुसा. तोंडात सगळ्यांच्या 'डिलीट मार'. कुठला शब्द घेऊ?

निपाणीवाला:
'काढून टाका' लिहा की ओ. 'हटवा' म्हटलं की अतिक्रमण आठवतं.

तलाठ्याचा नातू:
एका शब्दात भागणार नाही, कामंच वेगळी आहेत. ट्रॅशमध्ये गेलेली फाइल नुसती दुसरीकडं ठेवलेली असते. 'आरएम' ही लिनक्सची कमांड डिरेक्टरीतलं, म्हणजे फोल्डरातलं, एक नाव खोडते. त्यामागचा सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं ऑपरेटिंग सिस्टिमकडं केलेली मागणी) 'अनलिंक', लिनक्सच्या आधीच्या युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या मॅन्युअलपासूनचा. त्याला आपल्या उताऱ्यावरचा शब्द आयता आहे: 'नाव कमी करणे'. चार भावांतल्या एकाचं नाव कमी झालं म्हणून जमीन कुठं जात नाही. फाइलीचंही तसंच. मात्र शेवटचं नाव गेलं आणि कुठल्या चालू प्रोग्रामनं ती उघडून ठेवलेली नसली, की जागा मोकळी. किती नावं आहेत ते 'एलएस -एल' या कमांडनं येणाऱ्या यादीत परवानग्यांशेजारच्या आकड्यात दिसतं.

खडेबाजारकर:
अच्छा, म्हणजे फाइलीला जादा नाव देणाऱ्या हार्ड लिंकला 'दुवा' म्हणायचं नाही?

तलाठ्याचा नातू:
नको. ते बरोबरीचं दुसरं नाव. त्यात मूळ कुठलं, नक्कल कुठली असं नसतं. सिंबॉलिक लिंकमध्ये नुसता पत्ता असतो, 'दुवा' तिलाच ठेवा. दुवा काढला तर मूळ फाइलीला काही होत नाही. मूळ काढली तर दुवा तुटका राहतो.
आणि हे लाल अक्षरात लिहा: फोल्डरच्या दुव्यापुढं तिरकी रेघ (/) देऊन 'आरएम -आरएफ' (आतल्या मालासकट, न विचारता काढणं) मारायचं नाही. मूळ फोल्डरातला माल साफ होतो, दुवा तिथंच. बॅशमध्ये (कमांड टाइप करतो त्या प्रोग्राममध्ये) टॅब दोनदा दाबला की ती रेघ आपोआप येते, म्हणून एन्टरच्या आधी ओळ वाचायला सांगा.

निपाणीवाला:
गिऱ्हाईकाच्या आधारकार्डाचं स्कॅन असेल तर? तिथं पुसायलाच पाहिजे.

तलाठ्याचा नातू:
बरोबर. 'पुसणे' तेवढ्यासाठीच राखा, म्हणजे वरून दुसरं काहीतरी लिहिणं. 'श्रेड' ही कमांड ते करते. फिरत्या हार्ड डिस्कवर त्याचा उपयोग होतो. एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) नवीन मजकूर भलत्याच जागी लिहू शकते, तिथं भरवसा नाही. अशी स्कॅन पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरच ठेवावीत. साध्या डिलीटला 'अळिसि' म्हणणं म्हणूनच मला खटकतं. पुसत कोण नाही, नुसतं नाव काढतात.

खडेबाजारकर:
मग 'ट्रॅशमध्ये टाका', 'नाव कमी करा', 'दुवा काढा', 'पुसा' असे चार घेतो. कन्नड पोरांना 'नाव कमी'चं काय सांगू?

निपाणीवाला:
'हेसरु तेगेयिरि' म्हणा, कळतंय त्यांना.