अकरावीच्या मुलांना डोंगरावर न्यायचंय, नेमकं काय शिकवता येईल?

गोदाकाठ:
अकरावीची वीस मुलं, तीन शिक्षक. डिसेंबरात एका दिवसाचा ट्रेक. नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्यांपलीकडे बहुतेकांनी काही चढलेलं नाही. रील बघून सगळ्यांना हरिहर किल्लाच हवाय. डोंगर खूप शिकवतो असं म्हणतात, पण वर नेऊन भाषण द्यायचं नाहीये. मुलांच्या हातून काय करून घ्यावं?

कातळवाट:
ताई, पहिल्याच खेपेला हरिहर नको. पायऱ्या ७०-८० अंशांत उभ्या, आणि खरी कसोटी उतरताना. भिंतीकडे तोंड, हात खोबण्यांत, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा. मध्येच एकजण गळाठला तर त्याच्या वरचे सगळे जागेवर अडकतात.

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर न्या. पायऱ्या संपल्या की पठार लागतं, पुढे तळं, मग वरचा टप्पा. पठारावर थांबून विचार करायला जागा आहे, म्हणून नवख्यांसाठी हा डोंगर मला सगळ्यात योग्य वाटतो.

शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे परतीची वेळ, आणि ती मुलांनीच काढायची. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला: ५ किलोमीटर चालीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा ४ किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ आहे. म्हणजे ४८ मिनिटं अधिक एक तास. नवख्यांसाठी दीडपट धरा, पावणेतीन तास होतात. सातला निघालात तर पावणेदहा; थांबे आणि उशीर यांसाठी सवा तास जास्तीचा धरून अकरा ही परतीची वेळ. पायथ्याशीच वहीत लिहायची, सगळ्यांनी सही करायची. माथा समोर दिसत असला तरी अकराला फिरायचं. वर पोचल्यावर प्रत्येकाला 'अजून दहाच मिनिटं' वाटतं, कारण तोवर दमछाक झालेली असते आणि माथ्याचा मोह असतो. निर्णय डोकं शांत असताना घेऊन ठेवायचा असतो, हे मुलांना त्या सहीमुळे कळेल.

पाठराखा:
वरच्या हिशेबाशी सहमत. माझा भर रांगेवर.

पुढची पोरं सुसाट जातात, थांबतात, पाणी पितात. मागचा धापा टाकत पोचला की 'चला' म्हणून उठतात. म्हणजे सगळ्यात दमलेल्यालाच विश्रांती नाही! दोन-तीनदा असं झालं की तो बसकण मारतो आणि त्यालाच आळशी ठरवतात. पहिला अर्धा तास मुलांना मनासारखं चालू द्या. मग सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढच्या शिक्षकाच्या मागे, दुसरा लावा. विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस आल्यापासून मोजायची. दोन्ही पद्धतींत मागे-पुढे किती अंतर पडलं ते मुलांनाच बघू द्या, वेगळं सांगावं लागत नाही.

पाणी माणशी तीन लिटर. परत फिरताना निम्मं उरलेलं हवं. ओआरएसची पुडी अख्खी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. अंदाजाने अर्धी-पाव टाकू नका. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या घट्ट बांधायच्या, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. मुरमाड घसाऱ्यावर लांब टांगा टाकल्या की टाच सटकते. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवून उतरायचं.

गोदाकाठ:
पठारावर चार मुलं 'आता पुढे नको' म्हणाली तर?

कातळवाट:
तर त्यांच्यासोबत एक शिक्षक थांबेल, बाकीचे दोघे पुढे आणि शेवटी. त्यापुढे आणखी कुणी थांबलं तर सगळ्यांनी फिरायचं, कारण तिसरी तुकडी करायला माणूसच नाही. हे नियम आदल्या दिवशी वर्गातच सांगा. नको म्हणणाऱ्याला चिडवायचं नाही, हेही तेव्हाच.

पठारावर वाट सोडून पळापळ नको. सेरोपेजिया अंजनेरिका ही या डोंगराचं नाव मिळालेली दुर्मिळ वनस्पती. तिला पावसाळ्यात फुलं येतात; डिसेंबरात वर फारसं काही दिसत नाही, पण कंद मातीत जिवंत असतो. मोकळी वाटणारी जमीन रिकामी नसते.

पाठराखा:
माकडं फार आहेत, डबे सॅकच्या आत ठेवा. आणि मुलांची नावं, पालकांचे नंबर, उतरण्याची वेळ लिहिलेला कागद पायथ्याच्या गावात ओळखीच्या दुकानदाराकडे द्या. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्याने कुणाला कळवायचं, तेही त्यावरच लिहा. खाली आल्यावर आठवणीने त्याला सांगून मगच बस सोडा.