लोकलमध्ये अचानक घाबरायला होतं, कुणी यातून बाहेर आलंय का?

खिडकी_नको

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं दोन आठवडे चाललं होतं, शेवटी म्हटलं इथे कोण ओळखतंय.

मी डोंबिवलीला राहतो, ऑफिस दादरला, वय ३४. गेली ११ वर्षं लोकलने जातोय, म्हणजे गर्दीची सवय नाही असं अजिबात नाही, कॉलेजात असताना तर दारात लटकून गेलोय. जूनमध्ये एक दिवस सकाळची फास्ट मुंब्र्याच्या पुढे थांबली, सिग्नल नव्हता, बाहेर धो धो पाऊस, दारातली माणसं आत सरकलेली, खिडक्या बंद. मी मधल्या पॅसेजमध्ये, एक हात वर कडीला, बॅग पोटाशी. दहा मिनिटं झाली असतील आणि अचानक छातीत धडधडायला लागलं ते इतकं की शेजारच्याला ऐकू जाईल असं वाटलं, बोटं बधिर, ओठांना मुंग्या, घाम, आणि डोक्यात एकच की संपलं, आपण इथेच उभ्या उभ्या जाणार आणि या गर्दीत पडायला पण जागा नाही. ठाण्याला कसाबसा उतरलो आणि बाकड्यावर दोन तास बसून राहिलो.

मग डॉक्टर झाले. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. घेतोय कोण, ते आपणहून येतंय.

त्यानंतर फास्ट सोडली, स्लोने जायला लागलो म्हणजे दर थोड्या वेळाने उतरता येतं. मग स्लोमध्येही दाराशीच उभं राहायचं, पाण्याची बाटली हातात पाहिजेच, नाहीतर परत घरी. मग दिवा स्टेशनला उतरून दुसरी गाडी पकडायची. आता गेल्या महिन्यात चार वेळा घरून काम केलं आणि चारही वेळा प्लंबर येणार आहे असं सांगितलं. साहेब म्हणाले तुमच्या घरात नळ आहेत तरी किती. बायकोला अ‍ॅसिडिटी सांगितलीय. पुरुषासारखा पुरुष आणि ट्रेनला घाबरतो हे कुणाला सांगणार.

कुणाला असं झालंय का? आणि झालं असेल तर गेलं का?

कांदेपोहे

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काही नाही. जेवढा विचार कराल तेवढं वाढेल. कानात हेडफोन घाला, गाणी लावा, डोळे मिटा, दादर कधी येईल कळणार नाही. आणि अगदीच झालं तर माझा मित्र गाडीत चढायच्या आधी अर्धी गोळी घेतो, एकदम शांत असतो, नाव व्यनि (खाजगी मेसेज) करतो.

ओसरी

अहो कांदेपोहे, नाव व्यनि बिलकुल करू नका. ती लागेल तेव्हा घ्यायची गोळी काय असते मला चांगलं माहितीय, आमच्या घरात एकाने ती अशीच मित्राच्या सांगण्यावरून सुरू केली, अर्ध्याची एक झाली, एकाच्या दोन, आणि सोडायला दीड वर्ष लागलं, तेही डॉक्टरांनी थोडी थोडी कमी करत आणली तेव्हा. एकदम बंदही करता येत नाही ती. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्यावी, पण शेजाऱ्याची चप्पल घातल्यासारखी दुसऱ्याची गोळी नाही घ्यायची.

खिडकी_नको, मी बदलापूरहून २६ वर्षं सीएसटीला नोकरी केली, आता रिटायर आहे. आमच्या लेडीज डब्यात अशा किती जणी बघितल्या. एक तर कुर्ल्यापर्यंत माझा हात धरून बसायची, घट्ट, माझ्या बांगडीचे वळ उठायचे. तिने पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मला असं होतं. त्यामुळे लपवायचं काही उरलंच नाही, आम्ही आपल्या भाजी निवडत बसायचो आणि तिच्या हातात पण गवार द्यायचो. तुमच्या जेन्ट्स डब्यात गवार कोण देणार म्हणा. पण बायकोला सांगा. अ‍ॅसिडिटीच्या नावाखाली ती बिचारी तुमचं तिखट बंद करत असेल.

साडेतीन_शहाणा

थोडं मशिनरीचं बोलतो, मी डॉक्टर नाही पण फिजिओ आहे, पेशंट रोज बघतो. हे जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीराला वाटलं समोर वाघ आहे, अ‍ॅड्रेनलिन सोडलं, हृदय जोरात, स्नायू ताठ, पळायची पूर्ण तयारी. फक्त पळायला जागा नाही कारण मागे एक काका आणि पुढे एक सॅक. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात ते ऑक्सिजन कमी पडल्याने नाही, उलट आहे. भरभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्याने मुंग्या, बधिरपणा, गरगर. मग माणसाला वाटतं श्वास पुरत नाहीये, तो अजून जोरात घेतो. श्वास सोडायचा हळू आणि लांब, घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष. कागदी पिशवीत श्वास घ्या म्हणून कुणी सांगेल, तसं नका करू, खरंच दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर महागात पडतं.

दुसरं म्हणजे अटॅक चढतो तो साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. शरीर तेवढा जोर फार वेळ टिकवू शकत नाही. आणि पॅनिकमध्ये बीपी वाढतं, चक्कर येऊन पडायला ते खाली यावं लागतं, म्हणून लोकांना पडल्यासारखं वाटतं पण सहसा पडत नाहीत.

ओसरी

आमचे हे ब्लड टेस्टची सुई बघून धाडकन पडले होते, तीनदा. त्याचं काय?

साडेतीन_शहाणा

काकू तो अपवाद. रक्त, सुई, जखम याची भीती असणाऱ्यांचं बीपी आधी वाढून मग एकदम पडतं, ते खरोखर बेशुद्ध होतात. त्यांनी रिलॅक्स व्हायचंच नाही, उलट टेस्टच्या आधी मांड्या, पोट, दुसऱ्या हाताची मूठ १०-१५ सेकंद घट्ट आवळायची, सोडायची, परत आवळायची, आणि रक्त आडवं झोपून द्यायचं. सुई ज्या हातात जाणार तो मात्र सैल ठेवायचा.

परतीचं_तिकीट

खिडकी_नको, तुमची पोस्ट वाचताना मला वाटलं मीच लिहिलीय, फक्त माझ्याकडे प्लंबरच्या जागी गॅसवाला होता.

माझं २०१७ ला सुरू झालं, ठाणे ते मस्जिद बंदर जायचो, पहिला अटॅक कुर्ल्याला. सगळं तुमच्यासारखंच, आधी फास्ट सोडली, मग गर्दीची वेळ सोडली, मग ट्रेनच सोडली आणि ओला-उबेरवर पगाराचा चुराडा केला. एक दिवस टॅक्सी ऐरोलीच्या सिग्नलला अडकली आणि तिथेही तेच झालं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी ट्रेनला घाबरतच नाहीये. मी त्या धडधडीला घाबरतोय. ती परत आली तर काय, याची भीती. आणि ती काय, लिफ्टमध्ये येईल, लग्नाच्या हॉलमध्ये येईल, न्हाव्याच्या खुर्चीत येईल. आली पण.

मग ठाण्यातच एका सायकॉलॉजिस्टकडे गेलो, पाच महिने. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती पटायला वेळ लागला. म्हणाल्या, तुम्ही दर वेळी घाबरून उतरता आणि उतरल्यावर बरं वाटतं ना, तेच बरं वाटणं तुमचा घात करतंय. कारण डोकं हिशोब काय लावतं, उतरलो म्हणून वाचलो. न उतरताही वाचलो असतो हे त्याला कधी कळलंच नाही, कारण तुम्ही कळू दिलं नाही.

म्हणून मग शिडी केली, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंत भीतीची एकेक पायरी चढायची. माझा पास कधीच संपला होता, रिन्यू केला नव्हता, त्यामुळे रविवारी दुपारी ठाण्याला खिडकीवरून मुलुंडचं परतीचं तिकीट काढलं, १० रुपये. एक स्टेशन जायचं, उतरायचं, परत यायचं. पुन्हा तिकीट, पुन्हा मुलुंड. खिशात छोटी डायरी, प्रत्येक फेरीला भीतीला दहापैकी मार्क. पहिल्याला ८. दुसऱ्याला ८. मी म्हटलं हे काही खरं नाही. चौथ्याला ५. सातव्या फेरीला मी डायरीत चक्क लिहिलंय "भूक लागली". तिकीट खिडकीवरचा माणूस माझ्याकडे असा बघत होता की याचं मुलुंडला काही लफडं आहे.

पुढच्या रविवारी भांडुप, मग घाटकोपर, मग फास्टने घाटकोपर म्हणजे मधे उतरायची सोयच नाही, मग तेच आठवड्याच्या दिवशी दुपारी, आणि सगळ्यात शेवटी सकाळची साडेआठची गर्दी. तीन महिने लागले. मधे एकदा विक्रोळीला पूर्ण अटॅक आला, पहिल्यासारखा. त्या दिवशी वाटलं सगळं मुसळ केरात. पण उतरलो नाही, दाराच्या वरच्या बाबा बंगालीच्या स्टिकरवरचा मोबाईल नंबर उलटा वाचत उभा राहिलो. सौतन से छुटकारा, चोवीस तासांत खात्रीशीर. दादर यायच्या आधी धडधड उतरली होती, बाबाला फोन न करताच.

एक राहिलं, ती बाटली. माझ्याकडे बाटलीच्या जागी व्हिक्सची डबी होती. शेवटच्या टप्प्यात ती पण घरी ठेवायला लावली बाईंनी, कारण नाहीतर श्रेय डबीला जातं. आणि या मुद्द्यावर हेडफोनवाल्या कांदेपोह्यांशी पण माझं जमत नाही. डोळे मिटून गाणी ऐकत दादर गाठलं तर ते गाण्याने गाठलं, तुम्ही नाही. साडेतीन, श्वासाचं पण तसंच हां, सुरुवातीला ठीक, पण मी तर श्वास मोजायच्याच मागे लागलो होतो, चुकला की अजून घाबरायचो.

साडेतीन_शहाणा

मान्य. श्वास ही कुबडीच आहे, पण पाय मोडलेल्याला पहिल्याच दिवशी कुबडी टाक कोण सांगतं. बाकी पोस्ट एक नंबर.

कांदेपोहे

बरं बाबांनो, गोळीचं मागे घेतो. मित्राला पण हा धागा पाठवला. तो म्हणतोय ज्यांना पैसे देऊन थेरपी परवडत नाही त्यांनी काय करायचं?

ओसरी

सरकारची टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून चालू आहे. आमच्या त्या घरातल्या माणसाने तिथूनच सुरुवात केली होती. आणि सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा, लाईन लावायची. तिथे रोज घ्यायची गोळी दिली तर चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका, त्या गोळ्यांना परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात.

खिडकी_नको

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी येतोय, मुद्दाम थांबलो होतो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली मला वाटलं तुझं बाहेर काही चालू आहे, आणि मग रडली आणि मग जाम हसली आणि मग दुसऱ्या दिवशी भाजीत मिरच्या आल्या. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, पुढच्या शनिवारी.

शिडी सुरू केलीय. पहिल्या रविवारी डोंबिवली–कोपर. कोपर म्हणजे काय, बसलो की उतरायचं, पण पहिल्या फेरीला ७ मार्क होते, हसू नका. दुसऱ्या रविवारी दिवा, बायको पण आली होती, तिसऱ्या फेरीनंतर ती म्हणाली मी प्लॅटफॉर्मवर वडापाव खात बसते, तू ये जाऊन. काल एकटा मुंब्रा. नेमकी गाडी स्टेशनच्या अलीकडे थांबली, अगदी तिथेच नाही पण जवळपास, आणि सुरू झालं. बोटं, ओठ, सगळं. बाटली बॅगेत होती, काढली नाही. बाबा बंगाली शोधला तर आमच्या डब्यात कुणीतरी अर्धा फाडलेला, नंबरचे सहाच आकडे शिल्लक. तेच उलटसुलट वाचत राहिलो. गाडी किती वेळ उभी होती माहीत नाही, नंतर घड्याळ बघितलं तर चार मिनिटं. डायरीत ९ लिहिले होते, मुंब्र्याला उतरताना खाली ४ लिहिले.

ऑफिसला अजून स्लोनेच जातोय, दाराशी उभा राहूनच. फास्टचं नंतर बघू. आणि काल रात्री आमच्या बाथरूमचा नळ खरोखर गळायला लागलाय, आता साहेबांना काय सांगू ते सुचवा.